सकाळचा भाग वगळून

४ नोव्हेंबर

प्रिय कानसेन,

तुझ्या कचेरीची माणसं काल येऊन गेली. दोघं होते. एक उंच आणि अबोल, दुसरा इतका बोलका की चहा निवला तरी त्याचं बोलणं संपेना. अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या पलीकडे, त्यांनी एक तीन पायांचं तिकाटणं उभं केलं. त्यावर काळ्या स्पंजाचा गोळा आणि खाली कुलूपबंद पेटी. याला हात लावायचा नाही, जवळ भांडी घासायची नाहीत आणि कोंबड्या शक्यतो मागच्या बाजूला ठेवायच्या, असं बजावून गेलेत. मी कोंबड्यांना समज दिली आहे.

आई दारात बसून सगळं बघत होती. तिला हल्ली उजव्या कानाने काही ऐकू येत नाही आणि डाव्याने तिला हवं तेवढंच येतं. हे काय आणलंय म्हणून विचारायला लागली. मी ओरडून सांगितलं की डोंगरावर पवनचक्क्या उभ्या करायला सरकारची परवानगी लागते, आणि त्यासाठी आधी जवळच्या घरात मुळात किती आवाज असतो ते मोजावं लागतं. आपलं घर सगळ्यात जवळ, म्हणून मान आपला. तिला ते काही पटलं नाही. ज्या अंगणात कुणी येत नाही तिथे कसला आवाज मोजणार, म्हणाली. मग मला थट्टा सुचली. म्हटलं, "अगं, ही पेटी तुझ्या लेकानेच पाठवली आहे. तो तिकडे बसून ऐकणार." तिने लगेच हाताने केस सारखे केले.

खालच्या गावात या चक्क्यांवरून दोन तट पडलेत. मी दवाखान्यात गोळ्या मोजून द्यायला खिडकीशी बसते, तर औषध घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "तुमचा भाऊ त्यांच्याकडेच ना?" मी म्हणते, हो, खोकल्याचं औषध दोन वेळा घ्या.

आईच्या पायांना थोडी सूज आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे. एवढ्या जवळ तुझं काम निघालंय, तर एखादा दिवस येऊन जा.

तुझी,
ताई


१५ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र कचेरीत उघडलं आणि कोंबड्यांपाशी हसलो. शेजारच्या टेबलावरच्या नकाशे काढणाऱ्या बाईंनी वर बघितलं.

आधी पेटीचं सांगतो. ती शब्द ऐकत नाही. दर काही मिनिटांनी आवाज किती मोठा होता, एवढा एक आकडा लिहून ठेवते. बोलणं साठवायचं नाही हा आमच्याकडचा नियमच आहे, कारण लोकांच्या अंगणात कान लावून बसणं बरं नव्हे. आईला हे नीट समजावून सांग, नाहीतर बिचारी आपल्याच अंगणात बोलायची बंद होईल.

आता येण्याचं. हा भाग तिला वाचून दाखवू नकोस. घर आपलं आहे हे मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं. आवाजाचं काम येणारा कचेरीत मी एकटाच, त्यामुळे मला काढता येईना आणि ठेवताही येईना. शेवटी असं ठरलं की पेटी दुसऱ्यांनी लावायची, आकडे मी तपासायचे आणि परवानगीचा निकाल लागेपर्यंत मी त्या घरात पाऊल टाकायचं नाही. ज्याच्या आईचं घर त्यानेच तिथे राहून आवाज मोजला, असं कुणी हरकतीत लिहिलं तर अख्खा अहवाल केराच्या टोपलीत जाईल. चूक त्यांचीही नाही. पत्रावर मात्र बंदी नाही. हल्ली कुणी पत्रं लिहितं हे साहेबांच्या ध्यानातच आलेलं नाही.

फोन करून उपयोग नाही हे तुला माहीत आहेच. मागच्या वेळी मी इकडून घसा फोडत होतो आणि ती तिकडून "कोण बोलतंय" एवढंच विचारत होती.

जानेवारीत निकाल आहे. त्याच आठवड्यात येतो. आईला म्हणावं, दोन महिने म्हणजे काहीच नाही.

धाकटा


३० नोव्हेंबर

प्रिय कानसेन,

तू म्हणालास म्हणून आईला पेटीचं खरं सांगायला गेले होते. जमलं नाही. ते असू दे.

तिची तब्येत या महिन्यात चांगली आहे. सकाळी माझ्याआधी उठते. मी पाणी तापवून देईपर्यंत वेणी घालून तयार असते आणि मग मोडकं स्टूल स्वतः ओढत अंगणात नेते. मी न्यायला गेले तर माझ्यावरच डोळे वटारते. उन्हात बसून काय करते ते तिचं तिला ठाऊक. मी स्वयंपाकघरात असते. आत येते तेव्हा तोंडावर तेज असतं आणि गोळ्या न कुरकुरता घेते. इतकी वर्षं हेच मला जमलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा गुण आहे, बसू द्या.

शेजारच्या गुराख्याला तिने परवा हाकलून लावलं. तो कुंपणापाशी उभा राहून शीळ घालत होता. "इथे काम चाललंय," असं त्याला म्हणाली. तुझ्या कचेरीने तिला पगार सुरू करायला हरकत नाही.

काल तिने विचारलं की तुझं तिकडे जेवणाचं काय. मी म्हटलं, पत्रात विचारते. तर म्हणाली, नको, मी विचारलंय.

ताई


१८ डिसेंबर

ताई,

पेटी गेल्या आठवड्यात काढून आणली. माणसांनी सांगितलं की आईने दोघांना गूळपाणी दिलं आणि जाताना पेटीवर हात फिरवला. ऐकून बरं वाटलं.

आकडे फार सुंदर आलेत. सुंदर म्हणजे आमच्या अर्थाने. वारा वाढला की आवाज किती वाढतो याची इतकी स्वच्छ रेघ मी क्वचित पाहिली असेल. आपलं अंगण म्हणजे खरोखर शांततेचं आगर आहे. फक्त एक भानगड होती. रोज सकाळी, ऊन अंगणात उतरायच्या सुमाराला, आकडा एकदम उसळतो आणि बराच वेळ वर राहतो. पक्षी असे ठरलेल्या वेळी एका जागी येत नाहीत. पंप असता तर आकडा सारखा राहिला असता, हा खालीवर होतो, मध्ये थांबतो, परत चढतो. मग माझ्या लक्षात आलं, आई रेडिओ घेऊन बसत असणार. बहिऱ्या माणसाचा रेडिओ म्हणजे अख्ख्या डोंगराला बातम्या.

यावरून कचेरीत जुंपली. साहेब म्हणाले, तो आवाज ठेव. जितका आवाज मुळात जास्त, तितका चक्कीला जास्त आवाज करायची मुभा मिळते, आणि आपल्या घराजवळचा सात नंबरचा टॉवर बिनबोभाट मंजूर होतो. माझं भलं त्यातच होतं. पण मी ऐकलं नाही. रेडिओ म्हणजे अंगणाची शांतता नव्हे. उद्या चक्की आईच्या उशाशी घरघरायला लागली तर कागद दाखवून तिला झोप थोडीच येणार आहे? मी तो सगळा आवाज गाळून टाकला आणि तक्त्याखाली लिहिलं, "सकाळचा भाग वगळून." साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एवढा परिच्छेद आईला मोठ्याने वाचून दाखव. तिच्यासाठी मी भांडलो हे तिला कळू दे.

धाकटा


३ जानेवारी

प्रिय भाऊ,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. तू सांगितलेला परिच्छेद सोडून.

आपल्याकडे रेडिओ नाही. गेल्या पावसाळ्यात पाणी शिरून तो बंद पडला, तेव्हा तूच लिहिलं होतंस की नवा आणतो.

पेटी नेल्यापासून आई अंगणात बसत नाही. थंडीही आहे म्हणा. स्टूल परत स्वयंपाकघरात आलंय आणि मी त्याला रोज ठेचकाळते. बाकी सगळं ठीक. निकाल कधी ते कळव.

ताई


२५ जानेवारी

ताई,

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तशी आमची गत झाली आहे. आधी पक्षी मोजणाऱ्यांनी सांगितलं की आणखी एक ऋतू बघायला हवा. ते कसंबसं मिटवलं, तर खालच्या गावातल्या मास्तरांनी हरकतींचा गठ्ठा नेऊन दिला, त्यातल्या प्रत्येकाला उत्तर लिहायचं. आणि आता नियोजन कचेरीने माझ्याच अहवालावर बोट ठेवलं आहे. घर इतकं शांत आहे की सात नंबरचा टॉवर तिथे बसत नाही, म्हणतात. तो वगळला तर वीज खाली नेणाऱ्या तारेचा खर्च निघत नाही, आणि खर्च निघत नाही तर बाकीचे टॉवरही उभे राहत नाहीत. म्हणजे मी माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. साहेब तसं बोलून दाखवत नाहीत, पण बैठकीत माझी खुर्ची आता दाराजवळ असते.

सुनावणी मार्चवर गेली.

तू म्हणतेस रेडिओ नाही. मग ते काय होतं कोण जाणे. जाऊ दे, आता ते गाळूनच टाकलंय.

एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती मी विचारतोय यात कंपनीचा मुलगा किती आणि आईचा किती हे मलाच कळत नाही. आमची कंपनी घर विकत घ्यायला तयार आहे. भाव चांगला देतील. तुम्ही दोघी खालच्या गावात राहायला गेलात तर तुझी रोजची चढण वाचेल आणि आईला दवाखाना जवळ पडेल. घरात माणूस राहत नसेल तर सात नंबरला अडचण नाही. तिला दुखवून काही करायचं नाही. फक्त एकदा विचारून बघ.

धाकटा


७ फेब्रुवारी

प्रिय भाऊ,

आईला विचारलं. मला वाटलं होतं आकाशपाताळ एक करेल. या घराचा एकेक दगड तिने बाबांबरोबर उचललेला आहे. पण ती शांतपणे ऐकत होती. मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला कळलंच नाही असं मला वाटलं. मग म्हणाली:

"त्याचं काम अडलंय ना? मग देते घर. कागद त्याने घेऊन यावा. मी सही त्याच्यासमोर करीन, दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही."

आणि कूस बदलून झोपली.

हे तिचं शेवटचं उत्तर समज. मी पुन्हा विचारणार नाही. तू ये. साहेबांना काय सांगायचं ते सांग, तापाचं निमित्त कर, पण ये. पाहिजे तर दारातच उभा राहा आणि घरात पाऊल टाकू नकोस.

आई बरी आहे. थोडी दमते.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी जिन्यात जाऊन बसलो. आईने घर द्यायचं म्हटलं आणि मला आनंद झाला नाही.

साहेबांना विचारलं. चांगले आहेत ते, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. म्हणाले, विचार कर, सुनावणीच्या तोंडावर कंपनीचा माणूस म्हाताऱ्या आईकडे जातो आणि घराच्या कागदावर तिची सही घेऊन येतो. मास्तर हे उचलून धरणार नाहीत का? तुझी नोकरी जाईल ते जाईल, पण तिच्या सहीवरच संशय घेतील. कागद घेऊन वकिलाला पाठवू या, असं त्यांचं म्हणणं आहे. मी सांगितलं की ती दुसऱ्याला देणार नाही. तर म्हणाले, मग सुनावणी होऊ दे. त्याच संध्याकाळी गाडी घेऊन जा, मी स्वतः सोडतो.

मार्चचा दुसरा आठवडा. तेवढी कळ काढा. आईला म्हणावं, कागद मीच आणतोय, आणि रेडिओही आणतोय.

धाकटा


२८ मार्च

ताई,

काल पोचलो. खोलीत शिरलो तर सगळं मी सोडून गेलो होतो तसंच होतं, कपबशीसुद्धा, आणि ते बघून मला राग आला.

तू तिथे एकटी आहेस हे डोक्यातून जात नाही. त्या चार दिवसांत माणसं येत होती, जात होती, आपल्याला धड बोलताही आलं नाही. स्मशानातून परत येताना मी तुला विचारलं, "इतकं झालं होतं तर मला का नाही कळवलं?" तू पुढे चालत राहिलीस. मी परत विचारणार नाही.

मला तिचा चेहरा सापडत नाही, ताई. डोळे मिटले की त्या दिवसाचाच चेहरा येतो, आधीचा येत नाही. आणि मी तिकडे यायला निघालो तेव्हा साहेबांनी गाडी दिली, एक शब्द विचारला नाही. ती असताना जे चाललं नसतं ते ती गेल्यावर चाललं.

मार्चची सुनावणी ऐन वेळी पुढे ढकलली होती, ती आता एप्रिलच्या शेवटी ठेवली आहे. नियोजन कचेरीकडून एका ओळीची विचारणा आली आहे आणि ती माझ्याच टेबलावर आली. जवळच्या घरात यापुढे कुणी राहणार आहे का? तू राहणार असशील तर तसं लिहितो. प्रकल्प गेला तर जाऊ दे, मला आता त्याचं काही वाटत नाही. तुला हे विचारावं लागतंय याची मात्र लाज वाटते.

धाकटा


१२ एप्रिल

प्रिय भाऊ,

तू स्मशानातून येताना विचारलंस त्याचं उत्तर आज लिहिते. तेव्हा लोक होते.

डिसेंबरपासूनच तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी मला खिडकीच्या मागे बोलावून सांगितलं. तिलाही कळलं, कारण तिला हवं ते ऐकू यायचं. तिने माझ्याकडून वचन घेतलं की तुझं काम होईपर्यंत तुला कळवायचं नाही. "तो धावत येईल आणि त्याची नोकरी जाईल," म्हणाली. मी तुला "आई बरी आहे" लिहायचे आणि ती समोर बसून विचारायची, लिहिलंस ना बरी आहे म्हणून? फेब्रुवारीत मी वचन मोडायच्या बेतात होते. ये, ये, असं लिहिलं, पण खरं कारण लिहिलं नाही. याला काय म्हणायचं ते तू ठरव. मी रोज ठरवते आणि रोज वेगळं ठरतं.

आता दुसरं. हे वाचण्याआधी बस.

सकाळचा तो आवाज आईचा होता. मी पहिल्या दिवशी केलेली थट्टा तिने खरी मानली. पेटीत तू आहेस, तिकडे बसून ऐकतोस, असं तिला वाटलं. फोनवर तुझं बोलणं तिला कळत नव्हतं ना? इथे तुझं ऐकायचंच नव्हतं, फक्त बोलायचं होतं. म्हणून ती खूश होती. स्टूल टाकून, त्या काळ्या गोळ्यासमोर बसून, रोज तुझ्याशी बोलायची. मी दोनदा सांगायला गेले की अगं, त्यात काही ऐकू जात नाही. पण त्या पायांनी ती अंगणापर्यंत चालत होती, वेणी घालत होती, औषध घेत होती. माझ्याच्याने झालं नाही.

मी आतून ऐकायचे. मुद्दाम नाही, पण तिचं बोलणं भिंतीपलीकडे जायचंच. काय बोलायची? काहीच नाही. एकदा म्हणाली की तांबड्या कोंबडीने अंडी द्यायची बंद केली, आणि लगेच म्हणाली, हे महत्त्वाचं नाही, हे टिपून घेऊ नकोस. एकदा तुला सर्दी झाली म्हणून रागावली. तुला सर्दी आहे हे तिने कुठून काढलं देव जाणे. माझ्या चुगल्या करायची. आणि रोज शेवटी म्हणायची, "आता ठेवते हं, तुझं काम असेल." ये, असं एकदाही म्हणाली नाही. तेवढं मी लक्ष देऊन ऐकायचे, म्हणून खात्रीने सांगते.

पेटी नेली त्या दिवशी संध्याकाळी मला विचारलं, "माझं बोलणं फार झालं का गं? कंटाळला असेल." मी सांगितलं, नाही गं, त्याचं काम संपलं. त्याने सगळं ऐकलं, एक अक्षर सोडलं नाही. मग तुझं पत्र आलं, रेडिओ समजून सगळं गाळून टाकलं म्हणून. ते मी तिला कसं वाचून दाखवणार होते?

तुझा दोष नाही. तू तिच्या झोपेसाठी भांडलास. मी हे तुला कधीच सांगणार नव्हते. पण तुला तिचा चेहरा सापडत नाही असं तू लिहिलंस, म्हणून सांगितलं. वेणी घातलेली, उन्हात बसलेली, हातवारे करून तुला काहीतरी पटवून देणारी. हा चेहरा ठेव.

घराचं. मी इथे राहणार नाही. तुझ्या टॉवरसाठी नाही, मला सकाळ सोसत नाही म्हणून. दवाखान्यामागे दोन खोल्या बघितल्या आहेत, महिनाअखेर जाईन. तेव्हा जे खरं आहे ते लिही. घरात कुणी राहत नाही.

ताई


६ मे

ताई,

परवानगी मिळाली. सात नंबरसकट सगळे टॉवर.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी आईच्या घराचं पान आलं तेव्हा मान वर करून विचारलं, इथे कुणाची हरकत? कुणी बोललं नाही. मास्तरही उठले नाहीत, मला वाटतं त्यांना कळलं होतं. मग मला विचारलं, घरात वस्ती आहे का. मी उभा राहून म्हटलं, नाही. त्यांनी टिपून घेतलं आणि पान उलटलं. बाहेर साहेबांनी माझा हात धरला. इतक्या महिन्यांत जे अडलं होतं ते तिच्या जाण्याने सुटलं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही म्हटलं नाही.

तुझं पत्र आल्यापासून मी दुसरं काही केलेलं नाही. मूळ आकडे कचेरीत जपून ठेवतात, गाळलेलेसुद्धा. ते बाहेर काढले. रोजच्या सकाळची रेघ वेगळी काढून टेबलावर मांडली. ती कुठे थांबली, कुठे चढली, सगळं दिसतं. पहिल्या दिवशी थोडाच वेळ आहे, लाजली असणार. पुढे वाढत जातं. एक सकाळ रिकामी आहे, त्या दिवशी पाऊस होता. शेवटच्या दिवसांत आवाज बारीक झाला आहे, ताई. मी तेव्हाच बघितलं असतं तर मला कळलं असतं की हा रेडिओ नव्हे, रेडिओ दमत नाही. आयुष्यभर हेच काम केलं मी. आवाज किती मोठा ते मला सांगता येतं. ती काय म्हणाली ते त्यात कुठेच नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ती सगळ्यात जास्त वेळ बोलली आहे. सुरुवातीला मोठ्याने, मग खूप वेळ हळू, मध्ये मोठी शांतता, आणि परत हळू. बाकी कुठल्याच दिवसासारखा हा दिवस नाही. तू घरात होतीस का? काय म्हणाली ती? तुला जे आठवेल ते लिही. तुटक असलं तरी चालेल. तू कुठल्या दिवशी काय ऐकलंस ते लिहिलंस तर मी रेघेशी जुळवून बघेन.

धाकटा


१४ मे

प्रिय भाऊ,

खोल्या लागल्या. एक खिडकी बाजाराकडे आहे, सारखी वर्दळ असते, मला ते बरं वाटतं. कोंबड्या गुराख्याला दिल्या.

तो दिवस मला आठवतो. मी घरात होते आणि हातातलं काम टाकून भिंतीशी उभी होते. पण ते मी पत्रात लिहिणार नाही. तू ते तुझ्या रेघेशेजारी मांडशील, जुळतंय का बघशील, आणि जुळलं नाही तर माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस. तू ये. आता तुला कुणी अडवत नाही. समोर बस, मी जेवायला वाढते, आणि जसं जसं आठवेल तसं ती बोलायची तसंच सांगते, हातवाऱ्यांसकट.

पण सुट्टीची वाट बघू नकोस. परवा कोंबडीबद्दल तिने नक्की काय म्हटलं ते मी आठवत होते, आणि मला तिचेच शब्द आठवेनात, माझेच यायला लागले. लवकर ये. मला आत्तापासूनच विसरायला होतंय.

ताई